जुनी पद्मिनी, नवा एसी आणि लिटरभर पाणी

जुन्या गाड्या पाळणारी चार माणसं एकत्र जमली की दहाव्या मिनिटाला प्रश्न येतोच, "एसी बसवलास का?" नाही म्हटलं की समोरचा असा बघतो, जणू आपण पोराला शाळेतच घातलेलं नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा वेळ वाचेल. प्रीमियर पद्मिनीत एसी बसवू नये. निदान सगळ्यात आधी तरी बसवू नये. आणि तुळजापूर, सोलापूर, धाराशिव या कोरड्या पट्ट्यात गाडी असेल तर मुळीच नाही.

प्रश्न आमच्या घरात हौसेचा नाही. माझी नोकरी पुण्यात, घर तुळजापुरात, आणि घरासमोर १९८६ ची गडद निळी पद्मिनी. आजी ब्याऐंशी वर्षांची आहे. तिला दर महिन्याला सोलापूरला डॉक्टरांकडे न्यावं लागतं. अंतर पंचेचाळीस किलोमीटर, म्हणजे घाट धरून साधारण तासाभराचा रस्ता. गेल्या मे महिन्यात ती परत आली तेव्हा तिचा चेहरा लालबुंद होता, आणि उतरता उतरता एवढंच म्हणाली, "लेकरा, ही गाडी हाय का भट्टी?" त्या रात्री बाबांनी आणि काकांनी ठरवूनच टाकलं. एक तर एसी बसवा, नाही तर गाडी काढा. सोलापूरच्या मिस्त्रींचंही तेच. "साहेब, एसी टाकून द्या की. दोन दिवसांत मोकळी करून देतो." मी म्हटलं, मला एक उन्हाळा द्या. बाबा "बघ बाबा" म्हणाले. आमच्या घरात याचा अर्थ परवानगी असाही होतो आणि धमकी असाही :-)

आता आधी एसीचंच बघू. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, ताकद चाळीसएक अश्वशक्ती. एसीचा कॉम्प्रेसर त्यातली तीन ते पाच खातो. नव्या गाडीला हे कळतही नाही, पद्मिनीला मात्र दहावा हिस्सा म्हणजे घाटात एक गिअर खाली. दुसरं, एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसतो. म्हणजे रेडिएटरला जी हवा मिळायची ती आधीच तापून येणार. बाहेर एक्केचाळीस अंश, तुळजापूरचा घाट, गाडीत पाच माणसं, पुढे उसाचा ट्रॅक्टर, आणि रेडिएटरला गरम हवा. पुढे काय होतं हे जुनी गाडी चालवलेल्याला सांगायला नको. बॉनेट उघडून, कडेला दगड लावून, पाणी थंड व्हायची वाट बघत सगळी मंडळी उन्हात उभी! तिसरं, डायनामो किंवा जुना अल्टरनेटर ब्लोअरचा आणि कंडेन्सरच्या पंख्याचा भार उचलताना रडकुंडीला येतो. मग अल्टरनेटर बदला, रेडिएटर मोठा करा, डॅशबोर्ड कापा. एकातून दुसरं निघत जातं. सॉफ्टवेअरवाल्यांना हे चांगलं माहीत आहे. जुन्या सिस्टिमला एक नवं फीचर जोडायला गेलं की खालचे तीन थर बदलावे लागतात, आणि शेवटी मूळ काय होतं हे कुणालाच आठवत नाही.

पण माझा मुख्य आक्षेप वेगळाच आहे. छोट्या मोटारीला तीन-चार किलोवॅटचा थंडावा लागतो. त्यात आपल्या घराची एक मोठी खोली गार होते. मोटारीच्या आत जागा किती? दोन कपाटांएवढी. मग एवढा थंडावा जातो कुठे? उत्तर सोपं आहे. मोटार म्हणजे पत्र्याचं घर, आणि तेसुद्धा चारी बाजूंनी काचा असलेलं.

आमच्या भागातल्या जुन्या माणसांना हे समजावून सांगावं लागत नाही. धाब्याच्या घरात राहिलेली माणसं आहेत. लाकडाच्या माळवदावर हात-दीड हात पांढरी माती, जाड भिंती, छोट्या खिडक्या. बाहेर रणरणतं ऊन असलं तरी आत दुपारी झोप लागायची. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे, सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा, आदिलशाहीतला. मे महिन्यात तिथे उतरून बघा. भोवती दगड आणि पाणी, मध्ये खोली. विजेचा एक युनिट न खर्चता गार. ही कारागिरी जिथली, तिथेच आपण पत्र्याखाली बसून "एसी किती टनाचा घेऊ?" विचारतो. आधी पत्र्याचं बघा ना!

थोडं गणित, कंटाळू नका. भर दुपारी दर चौरस मीटरवर नऊशे ते हजार वॅट ऊन पडतं. पद्मिनीचं छप्पर अंदाजे दोन चौरस मीटर धरा. गडद रंग त्यातलं नव्वद टक्के शोषतो, म्हणजे डोक्यावर सोळाशे-सतराशे वॅटची शेगडी. ती सगळी उष्णता आत येत नाही, बरीचशी वारा नेतो, पण उरलेली पुरेशी असते. पांढरा रंग साधारण पाव हिस्साच शोषतो. अमेरिकेत बर्कलेच्या लॉरेन्स प्रयोगशाळेने २०११ मध्ये एक काळी आणि एक चंदेरी अशा दोन सारख्या गाड्या उन्हात उभ्या करून मोजलं होतं. चंदेरी गाडीचं छप्पर पंचवीस अंशांपर्यंत थंड, आणि आतली हवा पाच-सहा अंशांनी कमी. नुसत्या रंगाने! मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचं छप्पर पिवळं का ठेवलं होतं, कारण काहीही असो, आतल्या माणसाला त्याचा फायदाच झाला असणार. (त्यातल्या शेवटच्या टॅक्सीची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरात संपली. त्या दिवशी मी ऑफिसात उगाच उदास होतो.)

२०१९ च्या मे महिन्यात अहमदाबादच्या एका गाडीचा फोटो सगळ्यांच्या फोनवर फिरला होता, अख्खी गाडी शेणाने सारवलेली. लोक हसले. मला हसू आलं नाही, कारण कल्पनेचा अर्धा भाग बरोबर होता. पत्रा झाकायचा. उरलेला अर्धा मात्र अडचणीचा. शेण ओल धरून बसतं आणि जुन्या पत्र्याला गंज चढायला तेवढं पुरतं. शिवाय काचा उघड्याच राहतात.

त्यापेक्षा लँडरोव्हरवाल्यांची युक्ती बघा. आफ्रिकेत जाणाऱ्या गाड्यांना ते "ट्रॉपिकल रूफ" द्यायचे. म्हणजे छपरावर बोटभर-दोन बोटं अंतर सोडून दुसरा पांढरा पत्रा. ऊन वरच्या पत्र्यावर पडतं, मधल्या फटीतून वारा वाहतो, आणि खरं छप्पर सावलीत राहतं. बस, एवढंच. आपल्याकडे तर पद्मिनीला कॅरियर असतोच! त्यावर पांढरा रंग दिलेली पातळ प्लायवुडची फळी नटबोल्टने घट्ट आवळली की झाला गरिबाचा ट्रॉपिकल रूफ. गाडी कापायची नाही, मनात आलं की फळी काढून ठेवायची. आवळताना मात्र हयगय नको, हायवेवर मागच्या मोटारसायकलवाल्याच्या अंगावर फळी उडाली तर एसी परवडला म्हणायची वेळ येईल. आमच्या गाडीला मी आधी छपराच्या आतलं कापड उतरवून वरच्या पत्र्याला फॉइल लावलेला फोम चिकटवून घेतला. काम कटकटीचं आहे. पण आधी छताला हात लावला की तळवा मागे घ्यावा लागायचा, आता आजी खुशाल डोकं टेकते.

दुसरी शेगडी पायाखाली. तिच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही, कारण सगळे सूर्याला शिव्या देत असतात. पद्मिनीचं इंजिन पुढे, गिअरबॉक्स दोन्ही पायांच्या मध्ये, आणि सायलेन्सरचा पाइप फरशीखालून मागे. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला वायरी, केबली, पेडलचे दांडे यासाठी भोकं आहेत. त्या भोकांतले रबर चाळीस वर्षांत कुरमुरे झालेले असतात. तिथून थेट इंजिनची हवा तुमच्या नडगीवर. नवे रबर टाका, उरलेल्या फटी बुजवा, मॅटखाली जाड नमदा घाला, आणि पाइप नि फरशी यांच्यामध्ये हवेची जागा सोडून ॲल्युमिनियमचा पत्रा लावा. नमदा मात्र पाइपाला लागता कामा नये, जळेल. सगळ्या कामात पैशाच्या मानाने जास्तीत जास्त गुण याला. आणि या फटी बुजल्या की इंजिनचा धूर आत येणंही थांबतं. तो धूर आत येऊच नये, गरमी असो वा नसो.

काचांचं थोडक्यात सांगतो. २०१२ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने काचांवर फिल्म चिकटवायला बंदी घातली. नंतर नियमांत बदल झाले, पण भर उन्हात चौकात उभं राहून हवालदारांशी त्यावर चर्चा करायची माझी तयारी नाही. त्यामुळे चालत्या गाडीच्या काचांना मी काही लावत नाही. उभ्या गाडीचं वेगळं. आणि तुळजापुरात गाडी उभीच जास्त राहते! लग्नसराईत नवरा-नवरीला घेऊन देवीला येणारी मंडळी बघा. गाडी मैदानात रखरखत्या उन्हात, मंडळी दर्शनाच्या रांगेत तीन-तीन तास, आणि परत आल्यावर शालू-शेल्यासकट सगळे त्या भट्टीत. खिडक्या दोन बोटं उघड्या ठेवल्या की भागतं असा समज आहे. स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी २००५ मध्ये मोजलेलं आहे, त्याने जवळजवळ काहीच फरक पडत नाही, आणि गाडी तापते ती पहिल्या अर्ध्या तासातच. म्हणून "पाच मिनिटांत आलोच" म्हणून लहान पोराला किंवा म्हाताऱ्या माणसाला बंद गाडीत ठेवून जाणाऱ्यावर मी खरंच ओरडतो, ओळख असो नसो. गाडी झाकायची तर काचेच्या बाहेरून झाका, पांढऱ्या चादरीने. आतून लावलेल्या पुठ्ठ्यापर्यंत ऊन पोचतं तेव्हा ते काचेच्या आत आलेलंच असतं.

आता माझ्या आवडीचा भाग, पाणी.

एक लिटर पाण्याची वाफ व्हायला चोवीस लाख ज्यूल उष्णता लागते. तासाभरात लिटरभर पाणी उडालं तर साधारण साडेसहाशे वॅटचा थंडावा मिळाला. गाडीत बसलेली चार माणसं मिळून चारशेएक वॅट उष्णता टाकतात. म्हणजे बिसलरीच्या एका बाटलीएवढं पाणी माणसांची उष्णता खाऊन वर उरतं! माठ हेच करतो. जुन्या ट्रकला आणि जीपला पुढे कॅनव्हासची पाण्याची पिशवी टांगलेली असायची, तिथेही हेच. अमेरिकेत १९३० ते ५० च्या दशकांत वाळवंट ओलांडणारे लोक खिडकीला एक नळकांडं अडकवायचे, थर्माडोर वगैरे कंपन्यांचं. आत ओलं गवतासारखं पॅड, समोरून वारा शिरतो, गार होऊन आत येतो. मोटर नाही, गॅस नाही. त्याच काळात पॅकार्डने १९४० च्या मॉडेलला कारखान्यातून एसी दिला. तो डिकीतली निम्मी जागा खायचा, आणि बंद करायचा तर इंजिन थांबवून पट्टा काढावा लागायचा. नळकांडंवाले हसले असतील.

पण हे सगळीकडे चालत नाही, आणि इथेच लोक फसतात. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला की जो आकडा दिसतो, तिथपर्यंतच पाणी हवेला गार करू शकतं, त्याखाली नाही. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी एक्केचाळीस अंश आणि वीस टक्के आर्द्रता असली तर तो आकडा येतो तेवीसच्या आसपास. साधा कूलर त्यातलं दोन तृतीयांश अंतर कापतो, म्हणजे हवा एकोणतीस-तीस अंशांनी आत येते. मुंबईत तेहेतीस अंश आणि सत्तर टक्के आर्द्रतेला तोच आकडा अठ्ठावीस. तिथे कूलरने तीन अंश कमी होतील आणि अंगाला चिकचिक वाढेल. तेव्हा मुंबईच्या माणसाने "कूलर काही कामाचा नाही" म्हटलं तर तो त्याच्या गावापुरता बरोबर आहे. आपण त्याचं ऐकून तुळजापुरात एसी बसवायचा, याला काय म्हणावं?

गंमत म्हणजे पद्मिनीचा जन्मही मुंबईचा असला तरी मूळ इकडचंच. वालचंद हिराचंद १८८२ साली सोलापुरात जन्मले, आणि १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. गाडीचा आराखडा इटलीतल्या ट्यूरिनचा, कारखाना कुर्ल्याचा, आणि मालक सोलापूरचा. त्यामुळे सोलापुरी टॉवेल हा पद्मिनीचा अधिकृत कूलर मानायला माझी काहीच हरकत नाही.

मी केलं ते असं. मागच्या सीटच्या पायाशी बसेल असा प्लास्टिकचा डबा, त्यात पाच लिटर पाणी, एका बाजूला वाळ्याचं पॅड, आणि कारंज्याचा बारा व्होल्टचा छोटा पंप. पंखा मोटारीच्या हीटरचा जुना ब्लोअर. कॉम्प्युटरचे पंखे लावायचा मोह आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला होतो, पण ओल्या पॅडमधून हवा ओढायला त्यांच्यात दम नसतो. डब्याला बाहेरची हवा मिळावी म्हणून खिडकीच्या फटीतून एक रुंद पाइप. सगळ्यात महत्त्वाचं, दुसऱ्या बाजूची खिडकी चार बोटं उघडी. कूलर लावून काचा बंद केल्या की दहा मिनिटांत आत पावसाळा होतो, आणि मग लोक कूलरला नावं ठेवतात. पद्मिनीला पुढे ज्या तिकोनी काचा आहेत, त्या थोड्या उघडल्या की आतली हवा बाहेर ओढतात, पूर्ण उलट फिरवल्या की वारा आत ढकलतात. ही सोय नव्या गाड्यांतून गेली, आणि कुणी रडलं नाही याचं मला नवल वाटतं. कूलर चालू असताना त्या थोड्याच उघडायच्या, बाहेरची भाजकी हवा आत नको.

वाऱ्याचंही एक सांगतो, कारण "काचा खाली कर, वारा येऊ दे" हा घरोघरीचा सल्ला आहे. आपल्या कातडीचं तापमान पस्तीसच्या आसपास. बाहेरची हवा एक्केचाळीस असेल तर ती गार करत नाही, तापवते. तरुण माणसाला घाम येतो म्हणून निभावतं. म्हाताऱ्या माणसाला घाम कमी येतो. आजीला त्या दिवशी खिडकीशी बसवलं होतं, "वारा लागेल" म्हणून. आता ती मधल्या जागेवर, कूलरच्या झोतात, मानेवर ओला टॉवेल. पाठीमागे रेक्झिनवर टॅक्सीवाल्यांसारखं मण्यांचं आवरण, म्हणजे पाठीलाही हवा.

बर्फाचं काय, असं काकांनी विचारलं. १९३४ मध्ये फ्रंटियर मेलचा डबा बर्फाच्या लाद्यांवरच गार करत होते, स्टेशना-स्टेशनावर लाद्या भरत. दहा किलो बर्फ थर्मोकोलच्या पेटीत ठेवून वरून हवा फिरवली तर तासभर हजारएक वॅट मिळतात. सोलापूर गाठायला पुरेसे. पण लिटरभर पाणी उडवून जेवढं मिळतं तेवढ्यासाठी सात किलो बर्फ वितळवावा लागतो. त्यामुळे इकडे पाणी आणि मुंबईला बर्फ, असा माझा हिशोब. कोरडा बर्फ कुणी सुचवला तर हात जोडा. बंद गाडीत तो वायू जीव घेतो.

आता दुसरी बाजू. या सगळ्याने गाडी एसीसारखी गार होत नाही. कूलर तोंडाशी तीस अंशांची हवा देतो म्हणजे केबिन तीस होत नाही, तेहेतीस-चौतीस धरा. जुलैत हवा दमट झाली की तो जवळजवळ बिनकामाचा. आजीची तब्येत याहून खालावली तर मी हट्ट धरणार नाही, भाड्याची एसी गाडी सांगेन. गाडीपायी माणूस नाही. आणि डॉक्टरांची वेळ सकाळी नऊची मागून घेतली, हा माझ्या सगळ्या यंत्रणेतला सगळ्यात स्वस्त भाग. साडेसातला निघायचं, अकराच्या आत परत.

राहिला मूळपणाचा मुद्दा. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांपुढची, मूळ रूपात राखलेली गाडी "व्हिंटेज" म्हणून नोंदवता येते, पण मग ती रोजच्या वापराला काढता येत नाही. आमची १९८६ ची, तिला अजून दहा-अकरा वर्षं आहेत, आणि मला ती प्रदर्शनात ठेवायची नाहीच. मला ती चालती हवी आहे. मी केलेल्यातलं जवळजवळ सगळं एका दुपारी काढून टाकता येतं. कापलेला डॅशबोर्ड परत जोडता येत नाही.

बाबांनी यंदा एप्रिलपासून गाडी विकायचा विषय काढलेला नाही. मिस्त्री अजून काढतात. बोअरच्या पाण्याने पॅडवर पांढरा क्षार धरतो, म्हणून आता घरचं गाळलेलं पाणी भरतो आणि महिन्याला पॅड व्हिनेगरमध्ये बुडवतो. कॅरियरवरची फळी पुढच्या शनिवारी बसेल. आजीची त्यावर एकच अट आहे, फळीवर पापड वाळत घालता आले पाहिजेत.